आणखी घे

लहान मुलांना घेऊन हॉटेलात जाणे आणि भाजीच्या वाफ्यात करडू सोडणे, यांत फारसा फरक नाही. फरक असलाच तर एवढाच, की करडाला दावे बांधता येते.

मी गेली वीस वर्षे शाळामास्तर आहे. चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प बसवण्याची विद्या मला थोडीफार साधली आहे. शिवाय चार कादंबऱ्या लिहून झाल्यामुळे माणसांना आपल्या मनाप्रमाणे उठवण्या-बसवण्याची सवयही हाताला लागली आहे. पण स्वतःची दोन मुले हॉटेलच्या टेबलापाशी बसवायची वेळ आली, की आतला मास्तर आणि आतला कादंबरीकार दोघेही एकदमच हात टेकतात. म्हणून हा प्रसंग मी होता होईल तो टाळीत असे. यंदा तो टळला नाही. आणि टळला नाही तेच बरे झाले.

आमचे गाव पेठ. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात, की खेड मागे टाकल्यावर आणि अवसरीचा घाट लागण्यापूर्वी ते येते. सातगाव पठारावरच्या सात गावांतले हे एक. पठार बटाट्याचे. पावसाच्या भरवशावर लावलेला बटाटा दसऱ्याच्या आगेमागे निघतो, आणि मग घराघरांतून एकाच गोष्टीची वाट पाहिली जाते : आडत्याकडून येणाऱ्या पट्टीची. पट्टी चांगली आली तर दिवाळी गोड, नाही तर दिवाळी नुसतीच चार दिवसांची. आमच्या घरी जमीन थोडी आणि तिचे सगळे वडील पाहतात. "पट्टी बरी आली तर हॉटेलात जेवायला नेईन," असे मी आषाढात कधीतरी बोलून गेलो होतो. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेले पोरे विसरतात. बापाने सहज बोललेले मात्र विसरत नाहीत. पट्टी आली त्या दिवशी चौथीतले आमचे चिरंजीव दप्तर खाली टाकण्यापूर्वीच म्हणाले, "मग कधी?"

प्रश्न होता तात्यांचा. तात्या म्हणजे माझे वडील. "तात्या हॉटेलात खात नाहीत," हा आमच्या घरातला एक अलिखित कायदा होता. त्याचे कारण कोणी विचारले नव्हते. एस.टी. कुठे थांबली की सगळे प्रवासी चहाभज्यांकडे धावत, आणि तात्या मात्र गाडीतच बसून फडक्याची गाठ सोडीत. लग्नाकार्याच्या पंगतीला ते आनंदाने बसत. पण गल्ला मांडलेल्या जागी अन्नाला हात लावायचा नाही. आम्ही याचा अर्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे लावला होता. सौ.च्या मते तो काटकसरीपणा होता. माझ्या मते ती जुनी समजूत होती : शिजवलेले अन्न विकू नये आणि विकतचे खाऊ नये.

अशी समजूत आपल्याकडे होतीच. बाहेर खाण्यापिण्याची आपल्या लोकांना केवढी धास्ती! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्यायली, तर त्या एका कपाने पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांचेही नाव त्यात आले आणि प्रकरण थेट प्रायश्चित्तापर्यंत गेले. पुढे हळूहळू माणसे सरावली. १९३५ साली नानासाहेब सरपोतदारांचे पूना गेस्ट हाऊस लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिले. १९४२ साली मुंबईत माटुंग्याला रामा नायकांचे उडुपी बोर्डिंग सुरू झाले. तरीसुद्धा हॉटेलचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. कितीतरी गावांतून काही माणसांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानात, सार्वजनिक उपाहारगृहात जाण्यास जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे लागले, ते काही उगाच नव्हे. हे सारे मी वर्गात शिकवतो. त्यामुळे तात्यांच्या न खाण्यालाही मी इतिहासाच्या एका कप्प्यात घालून टाकले होते आणि वर झाकण लावले होते. घरातल्या माणसाविषयी इतके चटकन उत्तर सापडले, की ते बहुधा चुकलेले असते, हे मला तेव्हा सुचले नाही.

तात्यांना आणले ते आमच्या धाकटीने. ती चार वर्षांची आहे आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असतो. "तात्या आले तरच मी येणार," असे म्हणून ती उंबऱ्यात बसली. तात्यांनी थोडा वेळ टोपी काढून डोके खाजवले, पुन्हा टोपी घातली, आणि "चला," म्हणाले.

आम्ही एस.टी.ने निघालो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. मोफत आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट. तात्या फुकट, सौ. अर्धी, थोरला अर्धा, धाकटी पाचाच्या आत म्हणून फुकट, आणि मी एकटाच पुरा. पाच माणसांचे कुटुंब दोन तिकिटांत घाट उतरले. "बाबा, आपल्या घरात तुम्हीच सगळ्यात महाग," असे चिरंजीवांनी हिशोब करून सांगितले.

मंचरच्या अलीकडे रस्त्याला लागून ते हॉटेल होते. पुढे मोटारींची रांग, बाजूला मुलांसाठी घसरगुंडी, आत भिंतभर आरसे. आरसे ही हॉटेलवाल्यांची मोठी चूक. आपल्यासमोर आपल्यासारखीच आणखी एक मुलगी बसली आहे, हे पाहताच धाकटी खुर्चीवर उभी राहून तिला वेडावून दाखवू लागली. तिला बसवतो तोच थोरला टेबलाखालून पलीकडच्या कुटुंबात जाऊन आला आणि त्यांनी काय मागवले आहे, हे त्याने खणखणीत आवाजात जाहीर केले.

मग मेनूकार्ड आले. मेनूकार्ड वाचण्याच्या दोन रीती आहेत. पैसेवाले डावीकडून वाचतात, मास्तर उजवीकडून. मी उजवी बाजू वाचत होतो आणि थोरला डावी बाजू प्रकट वाचनाच्या तासाला वाचावी तशी वाचत होता. त्याला मध्ये थांबवून मी 'उपमा'चा 'उ' ऱ्हस्व असतो हे सांगू लागलो, तेव्हा सौ.ने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की मी 'दहीवडा' दुरुस्त न करता तसाच सोडून दिला.

"मासवडी थाळी," थोरल्याने वाचले आणि किंमत सांगितली.

तात्या इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "मासवडी? इकत?"

मासवडी म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावचा मानाचा पदार्थ. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, आत तीळ, सुके खोबरे, लसूण, कांदा यांचे सारण भरायचे, फडक्यासकट गुंडाळी करून तिला माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर खायच्या. नावात मासा असला तरी वडीत मासा औषधालाही नाही. माझी आई ती वर्षातून दोन-तीनदा करी; आणि त्यातली एकदा हमखास, तात्या दिवाळीला घरी आले म्हणजे. आई जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर आमच्या घरात मासवडी झाली नव्हती.

"मागवू का, तात्या?" मी विचारले.

"नको," ते म्हणाले. "पोरं म्हनत्यात त्ये आन."

पोरांना डोसा हवा होता. धाकटीला 'टोपीचा' हवा होता. हॉटेलात मुलांसाठी डोशाचा उभा शंकू करून देतात, तो तिने कुठल्याशा लग्नात पाहिला होता. तो आला तेव्हा ती इतकी हरखली, की तिने तो उचलून तात्यांच्या टोपीशेजारी धरला. "तात्या, तुमची मोठी का माझी?" आजूबाजूची चार टेबले हसली. त्या गडबडीत पाण्याचा पेला लवंडला आणि पाण्याचा ओघळ टेबलावरून निघून, मागच्या टेबलावरील एका गृहस्थांच्या पाठीमागे लोंबणाऱ्या उपरण्यापर्यंत पोचला. मी उठून क्षमा मागितली. गृहस्थ भले होते. "आमचीही लहान होती कधीकाळी," एवढेच ते म्हणाले.

थोरल्याने डोसा उलगडला, आतली भाजी बोटाने उकरली आणि विचारले, "तात्या, हा बटाटा आपला?"

तात्यांनी भाजीची फोड चिमटीत दाबून पाहिली. "असंल बी," ते म्हणाले. मग हळूच माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "केवढ्याचा हा?" डोसा एकशे दहाचा होता. आमचा बटाटा सतरा रुपये किलोने गेला होता. तात्यांचे शिक्षण दोन यत्ता. पण गणित मास्तराच्या पुढे. "म्हंजे साडेसहा किलो," ते म्हणाले, आणि डोशातल्या त्या मूठभर भाजीकडे बघत राहिले. रागाने नव्हे; शहरात जाऊन मोठ्या झालेल्या पुतण्याकडे पाहावे तसे.

आम्हाला वाढायला आलेला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. हॉटेलात गेलो की माझी नजर आधी वेटरच्या ओठावर मिसरूड फुटले आहे की नाही, हे पाहते. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पण वर्गातला रिकामा बाक दिसला, की तो पोरगा कुठल्या टेबलावर फडके मारीत असेल ही शंका मास्तराच्या मनातून जात नाही. या मुलाला मिसरूड होते. तो एका हातावर चार बश्या चढवून, दुसऱ्या हातात पाण्याची झारी घेऊन टेबलांमधून असा सफाईने जात होता, की तात्या खाणे विसरून त्याच्याकडे पाहू लागले.

"हात बसलाय पोराचा," ते म्हणाले. तो जवळ आला तेव्हा त्यांनी त्याला मुंबईच्या हिंदीत विचारले, "कौन गाव?"

"ओडिशा, बाबा."

"तुम जेवण किया क्या?"

मुलगा गोंधळला. गिऱ्हाइकाने विचारायचा हा प्रश्नच नव्हे. "सब का होने के बाद," तो म्हणाला. "चार बजे."

"मेरा तीन बजता था," तात्या म्हणाले.

आणि मग त्या गोंगाटात, धाकटी त्यांच्या मांडीवर चढून चटणीत बोट बुडवीत असताना, तात्या बोलू लागले. माझे वडील मुंबईत डबे पोचवीत. आमच्या भागात यात नवल काही नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ इकडच्या माणसांनीच तो धंदा उभा केला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली त्याची सुरुवात केली, असे सांगतात. म्हणजे पुण्यात एका कप चहावरून रण माजले, त्याच साली आमची माणसे मुंबईत घरचे अन्न डोक्यावर घेऊन धावू लागली होती. तात्या १९६८ साली, विसाव्या वर्षी गेले आणि छत्तीस वर्षे त्यांनी ते काम केले. २००३ साली इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटायला आले, तेव्हा तात्याही तिकडून जात होते. पण थांबले असते तर डबे उशिरा पोचले असते, म्हणून राजपुत्राला न पाहताच पुढे गेले. ही गोष्ट ते नेहमी सांगत. मला वाटे, मला सगळे ठाऊक आहे.

"लोक म्हनत्यात, मी हाटेलात खात नाय," तात्या म्हणाले. "आरं, छत्तीस वर्सं मी दुसरं केलं काय? गाळ्यावर आम्ही नऊ जण. खानावळीत जेवायचं. रोज इकतचंच."

आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहू लागलो.

"खानावळवाली बाई चांगली व्हती बरं का. तिच्या हाताला चव व्हती. पन तिच्याकडं तीस ताटं. ती बिचारी कुनाकुनाला ईचारनार? भाकरी मोजून. जेवला, उठला, पुढचा बसला. डोक्यावर चाळीस डबे न्यायचो. वासावरनं कळायचं, कुनाच्या घरी मेथी हाय, कुनाच्या घरी गोड केलंय. छत्तीस वर्सांत एक डबा उघडला नाय. पन येक सांगतो, त्या डब्यात चार चपात्यांची भूक आसंल, तर बाई पाच घालायची. ती पाचवी चपाती म्हंजे, 'आनखी घ्या.' ते मी घरोघरचं पोचवलं. मला कुनी म्हनायला नव्हतं."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुझी आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची. मुंबईला पोचल्यावर तीन दिस पुरवायचो. तिसऱ्या दिशी दगड व्हायची. तरी तीच आधी खायची. म्हनून एस.टी.त गाठोडं असताना मी कशाला उतरू? इकतचं पुढं रोजच व्हतं की."

मी मान खाली घातली. मनात एक हिशोब सुरू झाला होता आणि तो मला थांबवता येईना. दिवाळीचे सहा दिवस, गावच्या यात्रेचे आठ-नऊ दिवस; वर्षाला पंधरा. मी वीस वर्षांचा होईपर्यंत वीस गुणिले पंधरा, तीनशे. बापाच्या शेजारी बसून मी जेवलेले दिवस एक वर्षसुद्धा भरत नव्हते. त्या दिवसांत आई मासवडी करी आणि तात्यांना वाढताना तीनतीनदा विचारी, तेव्हा मला राग येई. मला वाटे, चार दिवस येणाऱ्या पाहुण्याचे एवढे काय कौतुक! ती वर्षाचे सगळे 'आणखी घ्या' पंधरा दिवसांत म्हणून घेत होती, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका हॉटेलात बसून कळले.

मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळी चालवून हजारो बायकांनी संसार ओढले. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांना नाव मिळाले. त्या बायांचा दोष नव्हता, हॉटेलवाल्यांचाही नाही. पोट भरेल एवढे अन्न पैसे देऊन मिळते. कधीकधी घरच्यापेक्षा चवदारही मिळते. आग्रह मात्र कोणत्याच मेनूकार्डात छापलेला नसतो. ना डाव्या बाजूला, ना उजव्या.

"गार झालं तुझं," तात्या म्हणाले. मी वर पाहिले. त्यांनी आपल्या डोशाचा अर्धा भाग मोडला आणि माझ्या बशीत ठेवला.

"नको, तात्या. झालं माझं."

"घे रं. आनखी घे."

माझ्या दोन्ही मुलांच्या देखत, आरशातल्या सगळ्या हॉटेलच्या देखत, मी तो खाल्ला. थोरल्याने लगेच आपल्यातला एक तुकडा बहिणीच्या बशीत टाकला. तो करपलेला होता, ही गोष्ट वेगळी. धाकटीने तो माझ्या बशीत टाकला. असे काही वेळ फिरत फिरत तो तुकडा शेवटी पाचही बश्या हिंडून जमिनीवर पडला आणि सौ.ने सर्वांना हात धुवायला उठवले.

बिल आले. धाकटीने बडीशेपेच्या वाटीत मूठ घातली आणि निम्मी खिशात भरली. तात्यांनी माझ्या कोपराला धरून बाजूला घेतले. "त्या पोराला काय तरी दे. आन बशीत ठेवू नको, हातात दे." मी दिले. तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला काही सांगितले. काय, ते मला ऐकू आले नाही. तो मुलगा हसला आणि मानेने 'हो' म्हणाला.

परतीच्या गाडीत थोरला माझ्या खांद्यावर आणि धाकटी तात्यांच्या मांडीवर झोपली. घाट चढेपर्यंत कोणी बोलले नाही. घाटमाथ्यावर आल्यावर सौ. मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "मासवडीचं सारण सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं. दिवाळीला करून बघू या का?" तात्या खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकले की नाही, ते कळले नाही.

हॉटेलात जेवून आलेल्या कुटुंबाला घरी पोचताच भूक लागते, हा अनुभव ज्यांना नाही, त्यांना मुले नाहीत असे समजावे. रात्री आठला सौ.ने भात टाकला, आमटी केली. आम्ही पाचही जण ओळीने जमिनीवर बसलो. तात्यांचा भात संपत आला तशी ती पातेले घेऊन उभी राहिली.

"तात्या, आणखी?"

"नको नको," तात्या म्हणाले. आणि त्यांनी ताट पुढे सरकवले.